कॉन्ट्राकाका

मारिओ प्लंबर आहे, असं कॉन्ट्राकाकांसमोर म्हणू नये. म्हणजे आहे तो, पण "कधीपासून?" असा पुढचा प्रश्न येतो आणि मग चहा गार होतो. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये हा माणूस सुतार होता, त्याला नावही धड नव्हतं, 'जंपमॅन' म्हणायचे. मारिओ हे नाव पडलं ते निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या जागामालकावरून. त्याचं नाव मारिओ सेगाली. नळाची कामं त्यानं हाती घेतली ती 1983 च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये. एवढं सगळं एका दमात सांगून काका बोट वर करतात आणि म्हणतात, "भाडं थकलं होतं, मालक भांडायला आला होता, अशीही गोष्ट सांगतात. पण सोर्स कच्चा आहे."

कॉन्ट्राकाका हे कुणा एकाचं नाव नाही. पुण्यात असे निदान तीन आहेत, डोंबिवलीत असणारच, आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळातही एखादा सापडेल. वय चाळिशीच्या पलीकडे, नोकरी कॉम्प्युटरची किंवा बँकेची, अंगात ठिपक्याठिपक्यांच्या भुताचं चित्र असलेला टी-शर्ट, तो पोटावर ताणल्यामुळे भूत किंचित रुंद झालेलं. 'काका' ही पदवी क्विझला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी दिली. सुरुवातीला त्यांनी हरकत घेतली होती. हरकत ते कशालाही घेतात.

आमच्याकडचे काका महिन्यातून एका रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जुन्या व्हिडिओ गेम्सची क्विझ घेतात. कोपऱ्यात गणपतीचं थर्माकोलचं मखर, मधोमध घडी घातलेलं टेबल टेनिसचं टेबल, आणि भिंतीवर प्रोजेक्टरचा किंचित वाकडा चौकोन. हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असते ते आजोबा दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांना गेममधलं काही कळत नाही, पण किल्ली आहे म्हणजे जबाबदारी आहे, म्हणून ते लक्ष देऊन ऐकतात. स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे. मी पेन चालतं का पाहायला गेलो होतो, तेव्हापासून आहे.

नियम नेहमीचेच. प्रश्न एका टीमला, नाही आलं तर बाउन्स होऊन पुढच्या टीमला. आणि फारच खात्री असेल तर चिठ्ठीवर उत्तर लिहून पाउन्स करायचा. बरोबर आलं तर दहा, चुकलं तर उणे पाच. या उणे पाचावर काकांचं विशेष प्रेम आहे. बरोबर उत्तर आलं की ते "हं, सिटर होता", म्हणजे सोपा होता, म्हणतात. चुकलेल्या पाउन्सची चिठ्ठी मात्र घडी घालून खिशात ठेवतात.

काकांचा प्रश्न म्हणजे प्रश्न नसतो, कैफियत असते. एका स्लाइडवर चौदा ओळी, त्यात दोन 'एक्स', एक 'वाय', आणि शेवटच्या ओळीत विचारायचं ते. एकदा पॅकमॅनवर होता. 1980 साली नामको कंपनीच्या तोरू इवातानीनं तो केला, जपानात त्याचं नाव 'पकमॅन' होतं, अमेरिकेला पाठवताना मात्र ते बदललं. का?

एका पोरानं पाउन्सची चिठ्ठी दिली. काकांनी वाचली, मान डोलावली आणि उत्तर जाहीर करताना ते अडखळले, कारण पुढच्या रांगेत दोन वहिनी बसल्या होत्या. "इंग्रजीत पहिलं अक्षर पी होतं," ते म्हणाले, "कुणी टवाळानं नखानं जरा खरवडलं की त्याचा एफ झाला असता."

"मग?" दारातून आजोबा.

"मग अर्थ बदलतो, आजोबा."

"बदलून काय होतो?"

"शिवी होते."

"कुठली?"

काकांनी पुढची स्लाइड लावली. आजोबांनी शेजारच्या पोराला विचारलं, पोरानं कानात सांगितलं, आणि आजोबा "एवढंच ना?" म्हणून परत बसले. दहा गुण मी पोराच्या टीमला लिहिले. कानात सांगण्याबद्दल बोनस नव्हता.

पण काकांच्या आयुष्यातला खरा शत्रू म्हणजे 'पहिला' हा शब्द. पहिला व्हिडिओ गेम कुठला? 'पाँग' म्हणाल तर तो 1972 चा. त्याच्या आधीचा 1971 चा 'कॉम्प्युटर स्पेस' आहे, 1962 चा 'स्पेसवॉर' आहे, 1958 साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर खेळलेलं टेनिस आहे. आणि प्रत्येकाच्या बाजूनं बोलणारा एकजण त्या हॉलमध्ये बसलेला असतो. मागे काकांनी बिनधास्त विचारलं होतं: गेममध्ये लपवलेलं पहिलं 'ईस्टर एग' कुठलं? अपेक्षित उत्तर अटारीचा 'अ‍ॅडव्हेंचर'. किस्सा आहेही मोठा गोड. अटारी तेव्हा प्रोग्रॅमरचं नाव गेमवर टाकत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेटनं एक गुप्त खोली केली. पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून गेलेला एक ठिपका उचलून न्यायचा, तेव्हा त्या खोलीची वाट उघडायची, आणि आत लिहिलेलं, हा गेम अमक्यानं केला. पण मागच्या रांगेतून आवाज आला, की याच्याही आधीची दोन-तीन सापडलीत आता. त्या संध्याकाळी क्विझ पाऊण तास थांबली. तेव्हापासून काकांच्या प्रश्नात 'पहिला'च्या मागेपुढे पहारा असतो: 'आजवर ज्ञात असलेल्यांपैकी, घरगुती कन्सोलवरचा, सर्वाधिक गाजलेला, बहुधा पहिला'. आता या प्रश्नाचं उत्तर चुकवणंही अवघड झालंय.

त्यांना 'कॉन्ट्रा' हे नाव पडलं ते त्या कोडवरून. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हे ते आरतीच्या शेवटी मंत्रपुष्पांजली म्हणावी तसं म्हणतात; सूर ठरलेला, आणि मधेच कुणी थांबवलं तर पहिल्यापासून. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोनं 'ग्रेडियस' हा गेम घरच्या मशीनवर आणताना तो स्वतःलाच झेपेना, म्हणून चाचणीपुरती ही सोय करून ठेवली आणि काढायची राहून गेली. 1986 ची गोष्ट. पुढे 'कॉन्ट्रा'त याच कोडनं तीस जीव मिळायला लागले. एवढं सांगून काका कृतकृत्य होतात. पण तीस जीव घेऊनही ते स्वतः तिसऱ्या लेव्हलच्या धबधब्याच्या माथ्यावर पोचलेले नाहीत, हे वहिनींनी आम्हांला खासगीत सांगितलंय. त्या धबधब्यावर जोडीनं चढताना पुढचा झपाझप वर गेला की पडदा सरकतो आणि मागे राहिलेला मरतो. काकांना मोठा भाऊ आहे.

गैरसमज दूर करणं हा काकांचा दुसरा धंदा. 1978 साली 'स्पेस इन्व्हेडर्स'मुळे जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, हे कुणी आवडीनं सांगू लागलं की काका त्याला मधेच तोडतात. तुटवडा वगैरे काही नाही, दंतकथा. खरी गंमत वेगळीच आहे म्हणतात. एकेक शत्रू मरत गेला की उरलेले वेगानं येतात ना, ते मुळात ठरवून केलेलं नव्हतं. चित्रं कमी झाली की त्या काळच्या बिचाऱ्या प्रोसेसरला काम कमी पडायचं आणि तो पळत सुटायचा. तोमोहिरो निशिकाडोनं ते तसंच ठेवलं. हा फंडा मला मनापासून आवडतो, आणि काका तो सांगतातही छान, हातवारे करून, बोटं एकेक मिटत.

तसाच कॅसेटवर फुंकर मारण्याचा. (काका 'कार्ट्रिज' म्हणतात, आम्ही आणि आमच्या गल्लीतला दुकानदार कॅसेटच म्हणायचो.) गेम लागला नाही की कॅसेट काढायची, खालच्या पट्टीवर फू करायचं आणि परत बसवायची, हे आमच्या पिढीचं सर्वमान्य शास्त्र. काकांनी त्यावर सहा स्लाइड केल्यात. फुंकरीनं काही होत नाही. काढून पुन्हा बसवल्यामुळे संपर्क जुळतो, आणि तोंडातल्या ओलाव्यानं पिना उलट गंजतात. निन्टेन्डोनंही फुंकू नका असंच सांगून ठेवलेलं. मग पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून एक पिवळी कॅसेट काढली, '9999999 इन 1'वाली, जिच्यात खरे गेम बोटांवर मोजण्याइतके आणि बाकी त्यांचेच अवतार. ती कशी धरायची ते दाखवायला उलटी केली, आणि बोलता बोलता फू केलं. अगदी डावीकडून उजवीकडे, माउथऑर्गन वाजवतात तसं. हॉलमधल्या कुणीही हसायचं धाडस केलं नाही, कारण सगळ्यांचे ओठ तसेच गोल झाले होते.

अडचण इथंच आहे. काकांना टोकियोतलं ठाऊक, कॅलिफोर्नियातलं ठाऊक, आणि न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत अटारीनं 1983 साली पुरलेल्या आणि 2014 साली उकरून काढलेल्या कॅसेटींचंही ठाऊक. पण आपल्याकडचा प्रश्न विचारा म्हटलं की ते आखडतात. आपल्याकडे त्या मशीनला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचे, ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची तैवान-चीनकडून आलेली नक्कल असायचं, खोक्यावर भलत्याच सिनेमातला हीरो असायचा. पार्लरमध्ये कॅपकॉमचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होता. त्यातल्या चौघांपैकी एका टोपीवाल्याचं नाव मुस्तफा, तर सगळा गेमच 'मुस्तफा' झाला. हे सगळं काकांना पाठ आहे, पण विचारणार नाहीत. सोर्स नाही म्हणतात.

गेल्या खेपेला एका डेंटिस्टनं हे प्रकरण पेटवलं. नाशिकहून पाहुणा म्हणून आलेला, शांत माणूस. प्रश्न 'बॅटल सिटी'वर होता, आपल्या भाषेत 'टँक'वर: रणगाड्याला मिळणाऱ्या सोयींची चित्रं ओळखा. डेंटिस्टनं तारा, बाँब, फावडं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "आणि होडी."

"होडी नाही," काका म्हणाले.

"होती की. ती घेतली की टँक पाण्यावरून जायचा."

"1985 साली नामकोनं काढलेल्या गेममध्ये होडी नाही."

"नामकोकडे नसेल. आमच्याकडे होती."

मागून दोघं म्हणाले, आमच्याकडेही. एका वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे पिस्तूलपण होतं. काकांनी समजावून सांगितलं, की ती 'टँक 1990' नावाची चोरटी आवृत्ती, कुणीतरी मूळ गेममध्ये ढवळाढवळ करून केलेली, तिला क्विझमध्ये स्थान नाही.

"मग तुम्ही लहानपणी कुठली खेळलात?" डेंटिस्टनं दात बघावा तशा शांतपणे विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. रिमोट या हातातून त्या हातात घेतला. म्हणाले, "आमच्याकडे होडी आली की दादाच घ्यायचा."

अर्धे गुण द्यावेत असा तोडगा त्यांनीच काढला. डेंटिस्टनं नाकारला, म्हणाला, होडी पूर्ण होती. आजोबांनी सातचं भजनी मंडळ येईल म्हणून बजावलं, तेव्हा काकांनी "अधिकृत, मूळ, जपानी आवृत्तीत" हे शब्द स्लाइडवर तिथल्या तिथे घातले आणि पाच गुण कापले. त्यावर डेंटिस्टच्या टीमनं उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर पाउन्स केला. 'टेट्रिस' 1984 मध्ये कुणी केला? होडी. 'डक हंट'मध्ये दुसऱ्या रिमोटनं काय हलवता येतं? होडी. 'डूम टू'च्या शेवटच्या राक्षसाच्या आत कुणाचं मुंडकं लपवलंय? होडी. पंचेचाळीस उणे झाले. बेरीज मी केली, काकांनी ती दोनदा तपासली, चिठ्ठ्या सगळ्या घडी घालून खिशात ठेवल्या, आणि डेंटिस्टला पुढच्या महिन्यात येताना ती कॅसेट घेऊन यायला सांगितलं. सोर्स म्हणून.