पोथीच्या प्राध्यापकाची कैफियत

जगात अभ्यास करण्याजोगे विषय पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा अभ्यास केल्यामुळे अभ्यासकाच्या दारी सकाळी सहा वाजता कोणी नारळ घेऊन उभे राहत नाही. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकास रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरून पऱ्हे खणण्याची विनंती झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही; अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांपाशी उसने पैसे मागण्याचे धाडसही, त्यांची महिनाअखेरची अवस्था सर्वश्रुत असल्यामुळे, कोणी करीत नसे. परंतु हिंदूंची व्रते, त्या व्रतांच्या पोथ्या आणि त्या पोथ्या वाचण्याचे विधी हा ज्याने आपल्या उपजीविकेचा विषय केला, आणि तोही भंडारा जिल्ह्यात, त्याला सत्यनारायण सांगता येत नाही ही गोष्ट येथील जनता केवळ त्याच्या विनयाचा एक प्रकार समजते. मी संस्कृतचा अध्यापक म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच श्रावणात कचेरीतील एक वयस्क कारकून घरी आले. मी व्रते करीत अगर करवीत नसून त्यांचा उगम कसा झाला, एवढेच शोधतो, असे मी त्यांना सविस्तर निवेदन केले. ते सर्व शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, ‘‘तुम्हाला त उगमच माहीत हाय जी गुरुजी, मंग सांगाले काय हरकत हाय?’’

या युक्तिवादाला माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते आणि आज निवृत्तिवेतन घेत असतानाही नाही. उलटपक्षी, गावातील याज्ञिकांनी मला कधी आपल्यात घेतले असेही झाले नाही. विद्यापीठातील विद्वानांना माझ्या अंगाला उदबत्तीचा वास येई आणि याज्ञिकांना शाईचा. त्यामुळे परिषदेत मला भोजनाच्या पंगतीत आणि पंगतीत मला परिषदेतील विषयावर बोलण्याचा आग्रह होई. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी 1930 ते 1962 या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत सिद्ध केला, त्याच्या पाचव्या खंडात व्रतांची एक लांबलचक यादी दिली, आणि 1963 साली त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. परंतु त्या कौतुकात किंचित असूयाही आहे. काणे हे मुंबईच्या उच्च न्यायालयातील वकील. त्यांच्याकडे येणारा मनुष्य दाव्याचे कागद घेऊन येत असणार, हळकुंडे आणि सुपाऱ्या घेऊन नव्हे. एरवी पाच खंड पुरे होणे अशक्य होते.

जिल्हा मात्र या अभ्यासाला अत्यंत अनुकूल, हे कबूल केले पाहिजे. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त भंडाऱ्याचे नाव येते, आणि श्रीचक्रधरांच्या भक्तांत आमचे नीळभट्ट भांडारेकार आहेत. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110 मध्ये, म्हणजे इसवी सन 1188 साली झाला असे ग्रंथातच नमूद असले तरी, तो वैनगंगेच्या काठी अंभोऱ्यास रचला गेला की मराठवाड्यातील आंबेजोगाईस, हा दावा विद्वानांच्या दरबारात अद्याप निकाली निघालेला नाही. अंभोरा वास्तविक नदीपलीकडे, नागपूर जिल्ह्याच्या हद्दीत पडतो. परंतु त्या संगमावरील पाच नद्यांपैकी वैनगंगेचा अलीकडचा काठ आमच्या दफ्तरी असल्यामुळे आम्ही भंडारेकर स्वतःला या दाव्यात सहवादी समजतो, आणि आंबेजोगाईचा पक्ष घेणारा पाहुणा आमच्या घरी आला तर त्याला चहा देतो, पण दुसऱ्यांदा विचारीत नाही.

पवनीची गोष्ट तर याहून पुरातन. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या कठड्याच्या शिळांवर, ज्यांनी त्या दिल्या त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. या नोंदी वर्गात वाचून दाखविताना, देवकार्यास दान करून त्यावर आपले नाव घालण्याची ही वहिवाट दोन हजार वर्षे अखंड चालत आली आहे, असे मी सांगत असे, आणि दाखला म्हणून एका देवळातील छताच्या पंख्याचा उल्लेख करीत असे, ज्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचे, त्याच्या वडिलांचे आणि त्याच्या दुकानाचे नाव रंगविलेले आहे. त्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने, जो रोवणीच्या आणि चुरण्याच्या दिवसांत सहसा दिसत नसे, उभे राहून अशी शंका काढली की पंखा सुरू झाला म्हणजे नाव वाचता येत नाही, तेव्हा त्या दानाला उन्हाळ्यात गुप्तदान म्हणावे काय. धर्मशास्त्रावर मी ऐकलेल्या मोजक्या मूलगामी प्रश्नांत याची गणना करतो. त्याला मी अंतर्गत परीक्षेत चांगले गुण दिले; विद्यापीठाने दिले नाहीत.

सत्यनारायणाविषयीही असेच. त्या पोथीच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ती स्कंदपुराणातील रेवाखंडात असल्याचे घोषित केलेले असते. जुन्या हस्तलिखितांत ती सापडत नाही असे पंडित म्हणतात, आणि तिचे नाते बंगालमधील हिंदू-मुसलमानांनी मिळून पुजिलेल्या सत्यपीराशी जोडतात. हे सर्व मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो, आणि तोंडी परीक्षेत एका मुलीला विचारले की या कथेचे वैशिष्ट्य काय. ती म्हणाली, ‘‘सर, कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला भेटायला धावली तर नाव बुडाली. पण तिला घाई झाली होती, कारण तिच्या बापाने आधी नवस फेडायला उशीर केला होता. म्हणजे उशीर पुरुषाचा आणि शिक्षा बाईला.’’ बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक महाशयांनी लगोलग पुढच्या उमेदवारास बोलावले. त्यांच्या घरी त्याच आठवड्यात वास्तुशांत होती.

परंतु माझ्या विद्येची खरी परीक्षा झाली ती महाविद्यालयात नव्हे, तर साकोलीच्या बाजूच्या एका खेड्यात. आमच्या झाडीत चातुर्मासात पोथी लावतात. रात्रीची जेवणे आटोपली की मारुतीच्या देवळात मंडळी जमतात, एकजण ओव्या वाचतो आणि दुसरा त्यांचा अर्थ सांगतो. त्या वर्षी अर्थ सांगणारे शाळामास्तर बदलून गेले होते, आणि प्रबंधासाठी माहिती गोळा करीत फिरणारा मी आयताच हाती लागलो. पोथी होती श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’, 1712 साली पुरा झालेला, अध्याय 64. वाचक होते एक वृद्ध शेतकरी. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते आणि दृष्टी त्याहूनही कमी शिल्लक होती. ते पान उलटीत ते केवळ पोथीचा मान राखण्यासाठी, कारण ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या आणि कित्येकदा पान मागे राहून ओवी पुढे जाई. सभेत निम्मे लोक डोळे मिटून असत. ते झोपले आहेत अशी माझी प्रथम समजूत झाली. परंतु वाचकाने एक चरण गाळला असता त्याच मिटल्या डोळ्यांतील तिघांनी तो एकदम पुरा केला, तेव्हा माझ्या वर्गातील उघड्या डोळ्यांविषयी मला निराळा विचार करावा लागला.

वस्त्रहरणाचा अध्याय आला. ओव्या झाल्या, द्रौपदीने धावा केला, देव धावून आले, आणि मंडळींनी अर्थासाठी माझ्याकडे तोंड केले. आता, पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली आरंभून 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा मी निस्सीम भक्त. आणि तिच्यात, येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात, द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचे श्लोक प्रक्षिप्त ठरून मूळ संहितेतून तळटिपेत गेलेले आहेत. हे ज्ञान त्या देवळात प्रथमच प्रवेश करीत होते, म्हणून मी ते शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितले. हस्तलिखिते कशी ताडून पाहतात, काश्मीरची परंपरा कोणती, दक्षिणेची कोणती, आणि ज्या श्लोकांना सर्वत्र आधार नाही ते कसे खाली उतरवितात.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग खांबाला टेकून बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, ‘‘मंग त्या बाईले लुगडी कोनं धाडली जी गुरुजी? अमेरिकावाल्यायनं?’’

माझ्यापाशी याला बिनतोड उत्तर होते. चिकित्सक संहितेतही वस्त्रे प्रकट होतातच. गाळला आहे तो केवळ धावा. परंतु ते ऐकून घेण्यास सभा राजी नव्हती, आणि तिची अडचण माझ्या संहितेहून फार निकडीची होती. पोथी वाईट जागी थांबवू नये, असा दंडक आहे. कोणी संकटात असेल तर त्याची सुटका होईपर्यंत अध्याय पुढे न्यावा, मग मध्यरात्र का उलटेना. वाचकाने देवाला आणून सोडविलेली द्रौपदी मी, सप्रमाण, पुन्हा दुःशासनाच्या हाती दिली होती. आणि तिला तशा अवस्थेत टाकून, सकाळी कामावर जायचे असतानाही, एकही माणूस उठायला तयार नव्हता. बायका चिडीचूप. लहान मुलेसुद्धा माझ्याकडे, मी ती साडी प्रत्यक्ष ओढत असल्यासारखी पाहू लागली.

शेवटी वृद्ध वाचकांनी घसा साफ केला. ‘‘गुरुजीचा अर्थ झाला,’’ ते म्हणाले, ‘‘आता ओव्या ऐका.’’ आणि त्यांनी धाव्यापासून पुन्हा वाचायला आरंभ केला. देव पुन्हा द्वारकेहून निघाले, वस्त्रांची रास पुरेशी वाढल्याची मंडळींची खात्री पटली, आरती झाली, आणि प्रत्येकाने खोबरे-साखर घेऊन जाताना मला आवर्जून नमस्कार केला. दुसऱ्या रात्रीपासून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडेच कायम राहिले. फक्त माझा अर्थ संपल्यावर त्या भागातील ओव्या पुन्हा एकदा वाचण्याची नवी चाल तेथे पडली. ती अद्याप चालू आहे असे कळते. ग्रंथवाचनाच्या विधीत माझे म्हणून जे काही योगदान असेल ते हेच.

हा सर्व वृत्तान्त मी प्रबंधात घातला. मार्गदर्शकांच्या सूचनेवरून तो तळटिपेत गेला, आणि परीक्षकांपैकी एकाने त्या तळटिपेवर ‘लिखित आधार नाही’ असा शेरा मारून तीही संक्षिप्त करविली. श्लोकांचे जे झाले तेच गावाचे झाले.

पदवी मिळाल्यावर प्रबंधाची एक बांधीव प्रत त्या गावाला नेऊन देणे मला अगत्याचे वाटले. वृद्ध वाचकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वजनाचा अंदाज घेऊन समाधान व्यक्त केले आणि अध्याय किती ते विचारले. आठ, मी म्हणालो. लाल कापड आले, प्रत त्यात गुंडाळली गेली, हळदकुंकू वाहून झाले. महाराष्ट्रात दरसाल पुष्कळ प्रबंध सादर होतात. परंतु अशा रीतीने ज्याची षोडशोपचारे नाही तरी पंचोपचारे पूजा झाली, असा दुसरा प्रबंध माझ्या माहितीत नाही. हे चालले असता आजीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पृच्छा केली की या पोथीची फलश्रुती कोणत्या अध्यायात आहे.

शेवटच्या अध्यायाला ‘उपसंहार’ म्हणतात आणि त्यात फक्त निष्कर्ष असतात, असे मी सांगितले. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. फलश्रुती नसलेली पोथी त्यांनी पाहिली नव्हती. शिवलीलामृताला आहे, नवनाथाला आहे, एवढासा शनिमाहात्म्याचा ग्रंथ, पण त्यालाही आहे.

‘‘मंग हे लिवून भेटते काय जी?’’ वाचकांनी विचारले.

एक जादा वेतनवाढ, मी उत्तर दिले, आणि ती मागील तारखेपासून लागू.

‘‘थकबाकी भेटली का?’’

भेटली, मी म्हणालो. तेव्हा सर्वांचे चेहरे उजळले. वृद्धांनी प्रबंध कपाळाला लावून ‘पांडवप्रतापा’च्या शेजारी चौरंगावर ठेवला आणि नारळ कोणाच्या हातून फोडायचा याची चर्चा सुरू झाली.