एका रात्रीचं बांधकाम

शहरी अद्भुतकथेसाठी लंडनकडे डोळे लावणाऱ्या लेखकांनी आधी अंबरनाथ लोकल पकडावी. इथलं शिवमंदिर शिलालेखानुसार शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं, शिलाहारांचं, लोककथा मात्र ते पांडवांनी एका रात्रीत बांधल्याचं सांगते. उजाडलं, म्हणून शिखर अपुरं राहिलं. ही परंपरा शेजारच्या उल्हासनगरने श्रद्धेने पुढे नेली: रात्रीत मजले चढतात. २००६ साली तर तिथली अनधिकृत बांधकामं नियमित करायला खास कायदाच अवतरला. दंड भरा, वर घ्या. इतका प्रसन्न देव पुराणातही विरळा. अडचण एकच, संपादक ती नक्की काढतील: उजाडलं म्हणून काम टाकून पळणारे बांधकामवाले वाचकाला पटणार कसे?