राष्ट्रीय चर्चासत्रवाले सर

परतूरच्या आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी ‘जागतिकीकरण आणि ग्रामीण अर्थव्यवस्था’मध्ये आणि वांगी ‘शाश्वत विकास : दशा आणि दिशा’मध्ये पडताना दिसली की समजावं, सर आज गावात आहेत. त्यांच्या घरी पिशव्यांना रंगावरून नाही, चर्चासत्राच्या विषयावरून ओळखतात. वहिनी दळणाला जाताना ‘महिला सक्षमीकरण’ नेतात, कारण पंधरा किलो ज्वारी पेलणारे बंद फक्त त्या पिशवीलाच आहेत.

सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक. असे सर महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला एक मिळतात. आमच्या वाट्याचे परतूरला राहतात. जन्मतः ते असे नव्हते. त्यांना घडवलं विद्यापीठ अनुदान आयोगाने. २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकाची बढती ‘एपीआय’ या कामगिरी-निर्देशांकाच्या गुणांना बांधली गेली आणि पेपरवाचनाचा दर ठरला : आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात दहा, राष्ट्रीयमध्ये साडेसात, राज्यस्तरीयमध्ये पाच आणि गावातल्या गावात वाचला तर तीन. भाव जाहीर झाल्यावर पेरा कशाचा करायचा, हे परतूर तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

आता चर्चासत्र ‘राष्ट्रीय’ कशाने होतं? विषयाने नाही, पाहुण्याने. राज्याबाहेरचा एक माणूस मंचावर बसला की भागतं. इथे परतूरचं भाग्य थोर. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग गावातून जातो आणि त्याच मार्गावर नांदेडच्या पलीकडे निजामाबाद आहे. तिथला पाहुणा रात्री गाडीत बसवला की सकाळी राष्ट्र परतूरच्या फलाटावर उतरतं. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेव्हा हाच पाहुणा आला असता तर चर्चासत्र राज्यस्तरीयच राहिलं असतं आणि माणशी अडीच गुण बुडाले असते. भाषावार प्रांतरचनेचा मराठवाड्याला झालेला हा फायदा सरांखेरीज कुणी हिशेबात धरलेला नाही.

चर्चासत्राची वेळ दहाची. साडेअकराला प्रतिमापूजन, मग दीपप्रज्वलन. पंखा बंद करून ज्योत सांभाळायची की पंखा लावून पाहुणा सांभाळायचा, यावर शिपाई आणि प्राचार्य यांच्यात मूक संवाद. मग स्वागतगीत, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रास्ताविक, परिचय आणि ज्यांचा सत्कार राहून गेला त्यांचा सत्कार. बीजभाषक बोलायला उठतात तेव्हा मागून वरणाला फोडणी बसल्याचा वास येतो आणि बीजभाषण तिथेच आटोपतं. जेवणानंतर बी. ए. द्वितीयच्या वर्गात तांत्रिक सत्र : चाळीस पेपर, एक तास, हातात घंटी असलेला अध्यक्ष.

या दीड मिनिटात सरांचं कसब दिसतं. माइक हातात येताच ते म्हणतात, ‘वेळेअभावी मी थेट निष्कर्षाकडे वळतो.’ वेळ भरपूर असती तरी ते तिकडेच वळले असते, कारण बाकीचा पेपर मागच्याच चर्चासत्रातला असतो. शीर्षकातला जिल्हा तेवढा बदललेला. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती हा साचा पक्का. संदर्भसूचीत दांडेकर आणि रथ यांचं १९७१ चं ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ असतंच, मग विषय मोसंबीचा असो की मोबाइलचा. समोर बसलेले मानसशास्त्रवाले ‘ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास’ घेऊन आलेले असतात. त्यातले ग्रामीण परतूरचे आणि शहरी जालन्याचे. समाजशास्त्रवाल्यांकडे ‘बदलती कुटुंबव्यवस्था’ असते आणि ती गेली कित्येक वर्षं त्याच वेगाने बदलते आहे.

सरांना तिन्ही शास्त्रं सारखीच. इतरांच्या पेपरवर ते उभे राहतात आणि म्हणतात, ‘प्रश्न नाही, छोटीशी सूचना आहे.’ सूचना पेपरपेक्षा लांब असते. कधी प्रश्न विचारलाच, तर एकच : ‘मॅडम, आपला नमुना किती?’ मॅडम म्हणतात, ‘शंभर.’ सर गंभीरपणे मान हलवतात आणि बसतात. नमुना पन्नास असता तरी मान तेवढीच हलली असती.

एकदा मी त्यांना शिकागोची गोष्ट सांगितली. मिल्टन फ्रीडमन यांची पैसा आणि बँकिंगवरची कार्यशाळा तिथे गाजलेली होती. पेपर आधीच वाटायचे, सगळ्यांनी वाचून यायचं. लेखकाला सुरुवातीला थोडी मिनिटं आणि मग पानागणिक चिरफाड. सरांनी शांतपणे ऐकलं. ‘म्हणजे पेपर घरीच वाचून येतात?’

‘हो.’

‘मग येतात कशाला?’

मला उत्तर सुचेना. ‘आणि प्रमाणपत्रावर काय लिहितात?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न.

२०२० च्या टाळेबंदीत जग घरात कोंडलं गेलं आणि सर मोकळे सुटले. वेबिनारला ना गाडी लागते ना पाहुण्याचं गेस्ट हाउस. सकाळी केरळ, दुपारी राजस्थान, संध्याकाळी परभणी; कॅमेरा बंद, आवाज बंद, सर गच्चीत तुरीची डाळ वाळवताहेत. शेवटी अभिप्रायाचा गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र मेलवर हजर. अभिप्राय मात्र ते प्रामाणिकपणे देत : ‘अत्यंत माहितीपूर्ण.’

त्यांचं खरं दुःख वेगळंच. २०१० नंतरच्या नियमावल्यांत राष्ट्रीय चर्चासत्राचे गुण साडेसातावरून तीनवर आले. सर हळहळून सांगतात, ‘१९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर चार रुपये शहात्तर पैशांवरून साडेसातवर गेला. तेव्हा एवढी ओरड झाली. इथं आमच्या साडेसाताचे तीन झाले, कोणी चकार शब्द काढला का?’

सरांना हसणं सोपं आहे. पण तासिका तत्त्वावरची, सीएचबीची दोन-तीन पोरं ते प्रत्येक चर्चासत्राला बरोबर नेतात. पोरांना पगार तासावर आणि तोही महिनोन्‌महिने लांबलेला. मुलाखतीला मात्र प्रमाणपत्रं हवीत. त्यांची नोंदणी फी सर भरतात आणि पावती आपल्या खिशात ठेवतात, म्हणजे पोराला रक्कम दिसायला नको.

आणि गाडीत बसले की हाच माणूस वेगळा होतो. परतूरहून निघालेली बोलेरो वाटूरच्या फाट्याला लागेपर्यंत ते सोयाबीनचं सगळं गणित उलगडून ठेवतात. २०२४ च्या हंगामात हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव होता, मग शेतकऱ्याने खाली का विकलं? सर बोटांवर मोजून सांगतात : हंगामाच्या तोंडाला केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर भरला की माल परत. वाळवायला जागा नाही, थांबायला पैसा नाही, कारण रब्बीचं बी आणायचंय. आणि जूनमध्ये ज्याच्याकडून खत उधार आणलं, ऑक्टोबरात त्याचाच काटा दारात उभा. ‘भाव बाजारात ठरत न्हाई पोरांनो, उधारीच्या वहीत ठरतो. कोणाची वही कोणाकडं हाय ते बघा, भाव आपोआप कळतो.’ पोरं कान देऊन ऐकतात, ड्रायव्हर मध्येच दुरुस्ती सुचवतो, सर ती मान्य करतात. खरंखुरं चर्चासत्र ते हेच. घंटी नाही, शाल नाही आणि प्रत्येकाला प्रश्न आहे.

तासाभराने तेच सर मंचावरून वाचतात : ‘शेतकऱ्यांच्या समस्या बहुआयामी असून शासनाने या संदर्भात ठोस पावले उचलणे गरजेचे आहे.’

परतताना मी विचारलं, ‘सर, सकाळचं ते उधारीच्या वहीचं का नाही मांडलं?’

‘त्याला संदर्भ काय देऊ? स्रोत : बोलेरो, सकाळी साडेआठ?’

सध्या सर स्वतःच्या महाविद्यालयात चर्चासत्र भरवण्याच्या तयारीत आहेत. विषय ‘भाषावार प्रांतरचना आणि मराठवाड्याचा आर्थिक विकास’. मंडप ठरला, पिशव्या छापायला गेल्या, आणि निजामाबादच्या पाहुण्यांनी ऐनवेळी नकार कळवला. रात्री मला फोन.

‘तुमचं कोणी बेळगावात हाय का हो? शिकवणारं?’

‘मावसभाऊ आहे की. पण सर, दर एक मेला तुम्हीच सांगता, बेळगाव, कारवार, निपाणीसह महाराष्ट्र...’

‘आपलंच हाय हो बेळगाव, त्यात वादच न्हाई,’ सर म्हणाले. ‘पण आपलं चर्चासत्र होईस्तोवर राहू द्या की तिकडं!’