चौघांचं पुस्तक, एकाच्या माथी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं एखादं पूरक पुस्तक घ्यायचं मनात असेल तर मागच्या कव्हरवरची जाहिरात वाचत बसू नका. अनुक्रमणिका उघडा. किती पानं खेळणाऱ्यांसाठी आहेत आणि किती खेळ चालवणाऱ्यासाठी, तेवढं मोजा. बहुतेक पुस्तकांचा निकाल तिथेच लागतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक सोडून बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. उरलेला तो डंजन मास्टर, ज्याला सगळे डीएम म्हणतात. जग त्याचं, राक्षस त्याचे. गावचा मुखिया, धर्मशाळेचा मालक, भिकारी आणि राणी, सगळ्यांच्या तोंडून बोलायचं त्यानेच. खेळाडू म्हणतात, आम्ही असं करतो. वीस बाजूंचा फासा पडतो. पुढे काय झालं ते डीएम सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात बाहेर पडला. पुढच्याच वर्षी पहिली पुरवणी आली. तेव्हा सुरू झालेला पुरवण्यांचा ओघ अजून चालूच आहे.

तो का आटत नाही, याचं गणित सोपं आहे. टेबलावर चार खेळाडू आणि डीएम एक. डीएमच्या कामाचं पुस्तक काढलं तर गिऱ्हाईक एक. खेळाडूंसाठी नव्या शक्ती, नवे मंत्र, नव्या जाती छापल्या तर गिऱ्हाइकं चार. म्हणून प्रकाशक 'दोघांसाठी' म्हणून पुस्तक काढतो आणि आत चौघांचा माल भरतो. प्रत्यक्षात विकत घेतो कोण? बहुतेक टेबलांवर डीएमच. कारण तोच सगळ्यात हौशी. खेळाडूला नवं खेळणं मिळतं, डीएमला नवा गृहपाठ. नवी शक्ती कशी चालते, तिने कुठली लढाई बेचव होते, हे सगळं त्यालाच वाचावं लागतं आणि वर पैसेही त्याचेच गेलेले असतात.

हे आजचं नाही. मूळ प्रकाशक टीएसआर कंपनीने १९८९पासून योद्ध्यासाठी एक, चोरासाठी एक, जादूगारासाठी एक अशा 'कम्प्लीट' पुस्तकांचा सपाटा लावला. त्याच सुमारास जगांचीही रांग लागली: स्पेलजॅमर, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, अल-कादिम, प्लेनस्केप, बर्थराइट. १९८९ ते १९९५ एवढ्या काळात ही सगळी. डार्क सनवाला प्लेनस्केप घेईना, रेव्हनलॉफ्टवाला बर्थराइटकडे ढुंकून पाहीना. आपलेच वाचक कंपनीने आपल्या हाताने वाटून टाकले. कंपनी बुडण्याला इतरही कारणं होती, पण हे एक मोठं होतं. १९९७ साली कर्जात बुडालेली टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली आणि दोन वर्षांनी विझर्ड्सला खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने घेतलं.

माझी कसोटी एकच. खेळ ऐन रंगात असताना, चौघं माझ्या तोंडाकडे बघत असताना, हे पुस्तक मी उघडेन का?

समजा तुम्ही आठवडाभर खपून डोंगरातल्या रस्त्यावरचा पहारा रचलात. खेळाडू म्हणतात, रस्ता नको, नदीने जाऊ. होडी ठरवतात. आणि पहिला प्रश्न येतो: नावाड्याचं नाव काय? तुम्ही अडखळलात की खेळाडूंना कळतं, हा माणूस आत्ता जन्माला आला. नाव पटकन आलं की नावाडी आधीपासून नदीवर होताच. असल्या क्षणी 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' कामाला येतं. २०१७चं हे पुस्तक. त्यातही खेळाडूंसाठीची पानं भरपूर आहेत, पण शेवटी नावांची लांबलचक यादी आहे, इंग्रजीपासून अरबी, जपानी, भारतीयपर्यंत. मधे जंगल, दलदल, वाळवंट, शहर असे प्रदेश पाडून वाटेत काय भेटेल याचे तक्ते आहेत. फासा टाका, वाचा, पुढे चला. दोन साहसांच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांत पात्रांनी जुगार खेळला, दारू ढोसली, चोरी केली तर कोणतं लफडं गळ्यात पडेल, याचेही तक्ते आहेत. त्या लफड्यांतून पुढच्या महिन्याचं कथानक आयतं निघतं. एकच पुस्तक घेणार असाल तर हे घ्या.

२०२०चं 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' मात्र खेळाडूंना घेऊ द्या. त्यातली कोडी आणि जोडीदार पात्रांचे नियम डीएमला उपयोगी आहेत. तेवढ्यासाठी मित्राचं पुस्तक मागून आणलं तरी भागतं.

आता राक्षस. राक्षसांची पुस्तकं भरपूर विकली जातात आणि सगळ्यात जास्त वाया जातात. शंभर नवे प्राणी, शंभर चित्रं, शंभर आकड्यांच्या चौकटी. पण डीएमला नवा प्राणी क्वचितच कमी पडतो. कमी पडते ती हाताशी असलेल्या प्राण्याच्या वागण्याची कल्पना. साधा गॉब्लिन घ्या. २०१४च्या नियमांत त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, अवघे ७ आणि आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड, १५. चार गॉब्लिन रस्त्यात उभे केले तर दोन फेऱ्यांत चारही आडवे. पण त्याच चौकटीत एक ओळ आहे: वार केल्यावर त्याच फेरीत त्याला पुन्हा लपता येतं किंवा निसटता येतं. आता तेच चार गॉब्लिन झुडपात बसवा. बाण सोडायचा, दडायचं, दहा पावलं सरकून पुन्हा बाण. पहिल्या पायरीवरचे चार वीर तेवढ्यात रडकुंडीला येतात. आकडे तेच आहेत, फक्त कुणीतरी ते वाचले आहेत.

हे वाचन शिकवणारं पुस्तक म्हणजे कीथ अ‍ॅमन यांचं 'द मॉन्स्टर्स नो व्हॉट दे आर डुइंग', २०१९चं. प्रत्येक राक्षसाचे आकडे घेऊन तो कुणावर आधी तुटून पडेल, कधी पळेल, कधी शरण येईल, याचा विचार त्यांनी केला आहे. नवा प्राणी त्यात एकही नाही, आणि म्हणूनच ते मला राक्षसांच्या बहुतेक जाडजूड पुस्तकांपेक्षा मोलाचं वाटतं. याउलट विझर्ड्सचा कारभार पाहा. २०१६च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स'मध्ये गॉब्लिन, कोबोल्ड, चेटकिणी, महाकाय यांच्या राहणीवर मोठं प्रकरण होतं, त्यांच्या बिळांचे नकाशे होते. २०२२मध्ये त्यातले प्राणी 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मध्ये पुन्हा छापले तेव्हा आकड्यांच्या चौकटी ठेवल्या आणि ते प्रकरण गाळलं. डीएमच्या कामाचं तेवढं नेमकं बाहेर. जुनं व्होलो कुठे मिळालं तर सोडू नका.

तयारीसाठी मायकेल शी यांचं 'रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर' घ्या. पातळ पुस्तक, २०१८चं. तयारीच्या आठ पायऱ्या त्यांनी सांगितल्या आहेत, पण एक जरी उचललीत तरी पैसे वसूल: दर सत्राआधी दहा गुपितं लिहून काढायची, पण ती कुठे आणि कुणाकडून कळतील ते ठरवायचं नाही. सरदाराने भावाला विष दिलं, हे गुपित खेळाडू वाड्यात गेले तर स्वयंपाकिणीकडून कळेल, नदीने गेले तर त्याच नावाड्याकडून. खेळाडू कुठेही वळले तरी तुमचा घाम वाया जात नाही.

जगांचे इतिहास सांगणारी पुस्तकं आनंदासाठी वाचा. हजार वर्षांपूर्वी कुठल्या राजाने कुठलं शहर जाळलं, हे टेबलावर कुणीही विचारत नाही.

साहसांमध्ये छोटी घ्या. वर्षभर चालणाऱ्या अडीचशे पानी मोहिमेत एखाद्या पात्राचं काय होणार याचा धागा सोळाव्या पानावर असतो आणि उत्तर एकशे नव्वदाव्या. ऐन खेळात ते सापडत नाही. २०१४च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' अवघं ६४ पानांचं आहे आणि नवख्या डीएमला हात धरून चालवतं. २०२१च्या 'कँडलकीप मिस्टरीज'मध्ये १७ सुटी साहसं आहेत. २०२२च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मध्ये १३, आणि त्यातलं 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्ष' हे बंगालच्या वळणाचं साहस भारतीय लेखिका मिमी मोंडल यांचं आहे. नद्या आणि धुकं तिथे कुणी दुरून पाहून लिहिलेलं नाही.

त्यावरून आपल्याकडच्या डीएम मंडळींना एक सांगायचं आहे. १९७७च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, म्हणजे खेळाच्या प्राण्यांच्या पुस्तकात, 'राक्षस' याच नावाने आपला राक्षस आहे. वाघाचं तोंड, अंगात झगा, हातात पाइप. तो मरतो कशाने, तर आशीर्वाद दिलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. ही युक्ती कुठल्याही पुराणातली नाही. गायगॅक्स यांनी ती 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' या १९७४च्या अमेरिकी टीव्ही मालिकेतल्या एका भागावरून घेतली. तिकडचा माणूस टीव्ही बघून आपला राक्षस बेधडक उचलतो, आणि आपण कोकणात सुट्ट्या घालवलेली माणसं काही हजार रुपये मोजून परदेशी भुतं मागवतो? पुस्तकातला विल-ओ-विस्प घ्या: आर्मर क्लास १९, हिट पॉइंट २२, रात्री दिसणारा दिवा, क्षणात अदृश्य. त्याचा विजेचा झटका काढून टाका, वाट चुकवण्याची ताकद द्या, झाला चकवा. मुंजाला पिंपळ द्या, खविसाला ओढा द्या. गावांची नावं हवी असतील तर एसटीच्या वेळापत्रकाएवढा तक्ता कुणी छापलेला नाही. खेळाडूंच्या आजीने ज्याची भीती घातली त्याचंच नाव टेबलावर घेतलंत तर चित्र दाखवावं लागत नाही.

पैशाचंही बोलू. अमेरिकेत विझर्ड्सची मोठी पुस्तकं बरीच वर्षं ४९.९५ डॉलर छापील किमतीला होती. इथे येईपर्यंत घरखर्चाला जाणवेल इतकी महाग होतात. आणि खेळाचे पायाभूत नियम तर फुकट आहेत. जानेवारी २०२३मध्ये विझर्ड्सने ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. कुणीही उतरवून घ्यावेत, वापरावेत, अगदी मराठीत आणावेत. केविन क्रॉफर्ड यांच्या 'वर्ल्ड्स विदाउट नंबर'ची मोफत आवृत्ती मिळते. राज्यं, पडके किल्ले, दरबारातली कारस्थानं रचायचे तक्ते त्यात आहेत, आणि नियम वेगळे असले तरी तक्ते कुठल्याही खेळात चालतात. आधी ते वापरून संपवा.

म्हणून विनंती एवढीच: या महिन्यात काही घेऊ नका. टेबलावर एक वही ठेवा. खेळताना जिथे अडाल, तिथे एक ओळ लिहा: नाव सुचलं नाही, लढाई रटाळ झाली, तयारीला वेळ पुरला नाही, साहस संपलं आणि पुढचं नव्हतं. तीन-चार सत्रांनंतर वही बघा. जी ओळ पुन्हा पुन्हा आलेली दिसेल, तिच्यावरचं एक पुस्तक घ्या. आणि ते सगळ्यांनी वर्गणी काढून घ्या. खेळ पाचही जणांचा आहे.