साठ पुरत नाहीत

जून उजाडला की वरळी कोळीवाड्यात होड्या वर ओढल्या जातात आणि होड्यांबरोबर नाखवेही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. होडीवर ताडपत्री टाकता येते, नाखव्यावर टाकता येत नाही. तो घरभर फिरतो, फ्रिज उघडून नुसताच बंद करतो, न गळणाऱ्या नळाला नवा वायसर बसवतो आणि ज्याचं जे चाललंय त्यात लक्ष घालतो. किल्ल्याच्या अंगाच्या गल्लीतल्या अशाच एका मामाने बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याच्या खांद्यावरून कॉम्प्युटरमध्ये डोकावलं. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला मामाकडेच. तो व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळत होता आणि नेहमीप्रमाणे मरत होता.

"मामा, साठ पुरत नाहीत," तो म्हणाला.

मामाने खुर्ची ओढली. "कोन बोलला? महापालिकेचा मानूस आलेला काय?"

या घरात साठ हा आकडा साधा नाही. कोस्टल रोड सी-लिंकला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांत, क्लिव्हलँड बंदराच्या वाटेवर, ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. होड्या जाणार-येणार त्याच वाटेने. वारा आणि भरती एकत्र आल्यावरही होडी सरळ रेषेत चालते, असं फक्त नकाशा काढणाऱ्याला वाटू शकतं. मच्छीमारांनी आधी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले, काम अडवलं, आणि शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. तेव्हा 'साठ पुरत नाहीत' हे वाक्य मामाने बैठकांमधून इतक्यांदा म्हटलं होतं, की भाच्याने ते चोरलं असंच त्याला वाटलं.

भाचा म्हणत होता ते हर्ट्झबद्दल. मॉनिटर सेकंदाला जितक्यांदा नवं चित्र काढतो तितके त्याचे हर्ट्झ. हाइनरिश हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ. रेडिओलहरी असतात हे त्याने प्रयोगाने दाखवलं आणि १८९४ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो वारला. आपल्या नावावर पुढे घराघरांत पोरं पैसे मागतील, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसणार.

भाच्याने मिलिसेकंदांत समजावून पाहिलं. मामाचा चेहरा हलला नाही. मग पोराने डोकं चालवलं. "मामा, जाळ्याचा आस मोठा असला की काय होतं?"

"बारीक मासली निसटून जाते."

"तसंच. साठच्या मॉनिटरला दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंदांचं भोक. तेवढ्यात समोरचा माणूस भिंतीआडून अर्धा बाहेर येतो. १४४ वाल्याला ६.९ चंच भोक. त्याला मी आधी दिसतो."

मामाला हे एकदम पटलं. इतकं, की त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला, जो मॉनिटर विकणाऱ्याला कुणीच विचारत नाही. "मग आस लहान करत गेलं तर किती लहान करायचा? शेवटी जवलाच येतो ना जाल्यात."

प्रश्न रास्त होता. साठवरून १४४ वर गेलं की प्रत्येक चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलं की पावणेतीन. २४० वरून ३६० वर गेलं की दीड मिलिसेकंदही नाही. पैसे मात्र उलट्या दिशेने चढतात. वर, एनव्हिडिया ही ग्राफिक्स कार्डं विकणारी कंपनी, तिच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये प्रयोग करून मांडलं, की नेमबाजीच्या खेळात साठच्या वर हर्ट्झ वाढवण्यापेक्षा माउस दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर कमी करण्याचा फायदा जास्त होतो. भाच्याने हा निबंध मामापासून लपवला. एवढा व्यवहार त्याला डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी आला होता.

पलंगावर बसून लसूण सोलणाऱ्या आजीला हे सगळं ऐकून हसू येत होतं. तिच्या डोळ्यांनी याहून गरिबीतले हर्ट्झ पाहिले होते. खरं म्हणजे या शहराचा सगळा इतिहासच हर्ट्झ वाढण्याचा आहे. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, ती सेकंदाला साधारण १६. १९१३ मध्ये गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तोही हाताने दांडा फिरवून घेतलेला. म्हणजे रिफ्रेश रेट कॅमेरावाल्याच्या दंडात होता, हात अवघडला की हर्ट्झ उतरायचे. बोलपट आले आणि २४ चा आकडा पक्का झाला. तरी पडदा लुकलुकू नये म्हणून प्रोजेक्टर एकच चित्र दोन-तीनदा झळकवायचा. प्रेक्षकाला फसवण्याचा धंदा मॉनिटरवाल्यांनी सुरू केलेला नाही.

आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते तर वरळीतूनच. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणून चित्रही सेकंदाला ५० वेळा. तेसुद्धा अर्धं-अर्धं, आधी विषम रेषा, मग सम रेषा. आजीने सगळे रविवारचे सिनेमे असे अर्ध्या-अर्ध्याने पाहिले, शेजारच्यांच्या दारात उभी राहून. तिचं म्हणणं एकच होतं. "मना कधी नाय वाटला का अर्धा दिसतंय. पुरता रडून यायची मी."

मामाने मग स्वतःचं संशोधन केलं. बंदीत वेळ होताच. त्याला मोबाइलवर तलवारमाशाची हकिकत सापडली, आणि ही मात्र या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुरस गोष्ट आहे. थंड पाण्यात माशाचे डोळे मंदावतात. तलवारमाशाने त्यावर तोड काढली: डोळे आणि मेंदू तापवणारा एक खास स्नायू तो बाळगतो. भोवतालच्या पाण्यापेक्षा १० ते १५ अंशांनी डोळा गरम ठेवतो. २००५ मध्ये संशोधकांनी मोजलं, तर या तापवण्याने त्याची हलत्या वस्तू टिपण्याची ताकद दहापटीहून जास्त वाढू शकते, असं निघालं. म्हणजे समुद्रात कोट्यवधी वर्षांपासून एक गेमर हिंडतो आहे. त्याने मॉनिटर बदलला नाही, डोळे बदलले.

"बघ," मामा म्हणाला, "तो बी शिकारीसाठीच करतो. पन तो जेवतो तरी नंतर."

तरीही मामा तयार झाला. का, ते तो कबूल करणार नाही, पण साठवर तडजोड करायची नाही हे रक्तात भिनलं होतं.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. भाच्याने २४ इंचांचा, फुल एचडी, १६५ हर्ट्झचा, आयपीएस पॅनलचा मॉनिटर आधीच ठरवला होता. दुकानात गेलो की ऑनलाइन भाव दाखवीन म्हणत होता. मामाने एकच चूक केली, मामीला बरोबर घेतलं. चूक भाच्याच्या दृष्टीने. मामी बाजारात मासळी विकते, आणि मासळी विकणाऱ्या बाईला कुठल्याही धंद्यातली थाप वासावरून कळते.

दुकानात तीन मॉनिटर ओळीने पेटलेले होते. खोक्यावर 'एक मिलिसेकंद' असं मोठ्या अक्षरांत.

"हा काय एक?" मामीने विचारलं.

दुकानदाराने सांगितलं, मावशी, रिस्पॉन्स टाइम. ठिपका एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला लागणारा वेळ.

"कंचा ठिपका? सगलं ठिपकं का तुमी निवडलेला एकच?"

इथे दुकानदार जरा सावध झाला. कारण हे बरोबर होतं. 'एक मिलिसेकंद' हा कंपनीचा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला आकडा असतो. कोणी करड्यातून करड्यात जायचा वेळ मोजतं, कोणी मागचा दिवा विझवून-पेटवून धूसरपणा मोजतं आणि तोच आकडा छापतं. पिवळ्या बल्बखाली पापलेट चकचकीत दिसतं, हे मामीला कुणी सांगायला नको. तिने पापलेटाचे कल्ले उघडून बघतात तशी मॉनिटरची मागची बाजू वळवून पाहिली. तिथे काही लाल नव्हतं, पण दुकानदाराचा धीर सुटायला तेवढं पुरलं.

भाच्याने मग हॉटस्पॉट लावून एक चाचणी उघडली. पडद्यावर एक उडती तबकडी डावीकडून उजवीकडे जाते, बस, तेवढंच. पहिल्या मॉनिटरवर, तो व्हीए पॅनलचा होता, गडद पार्श्वभूमीवर तबकडीच्या मागे एक काळपट ओघळ राहत होता. व्हीएचा काळा रंग गडद आणि देखणा असतो, पण गडदातून किंचित कमी गडदात यायला त्याला आळस येतो.

"ह्या तबकडीला शेपूट हाय," मामी म्हणाली. "शेपटीसकट तोलनार काय?"

दुसऱ्यावर तबकडीच्या मागे उजळ कडा उमटत होत्या, कारण ठिपक्यांना जोरात ढकलणारी ओव्हरड्राइव्हची सेटिंग शेवटच्या टोकाला नेली होती. ठिपका मुक्कामाच्या पुढे जाऊन परत येत होता, दादरला उतरायचं ते परळला उतरल्यासारखा. सेटिंग मधल्या पायरीवर आणल्यावर तबकडी नीटस झाली. तोच आयपीएस, तोच १६५. तिसरा ओएलईडी होता. तो सगळ्यांत स्वच्छ, आणि त्याचा भाव ऐकून मामा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

एक मुद्दा मामाला समजावताना भाच्याची पुरती दमछाक झाली. मॉनिटर १६५ चित्रं दाखवू शकतो, पण तितकी बनवायची ग्राफिक्स कार्डाने. व्हॅलोरंट हलका खेळ, तिथे साधं कार्डही दमत नाही. मोठ्या, देखाव्याच्या खेळांत तेच कार्ड साठवर धापा टाकतं. आणि दोघांचा ताल जुळला नाही तर एकाच चित्रात वरचा भाग नवा आणि खालचा जुना असं फाटलेलं दिसतं. "म्हंजे मुंडका एका सुरमईचा नि शेपूट दुसऱ्या," मामी म्हणाली, आणि याहून चांगली व्याख्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. मॉनिटरने कार्डाच्या तालावर थांबायचं, ही युक्ती २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक नावाने जाहीर केली आणि एएमडीची फ्रीसिंक दोन वर्षांनी बाजारात आली. या मॉनिटरमध्ये फ्रीसिंक होतं. मामीने त्यासाठी वेगळे पैसे द्यायला नकार दिला. ते वेगळे नव्हतेच, पण नकार देऊन ठेवलेला बरा. शेवटी भाव ऑनलाइनपेक्षा तीनशेने उतरला आणि वर एक माउसपॅड आलं.

घरी उत्सव झाला. खोकं माळ्यावर गेलं, कारण वॉरंटी आणि कोळीवाड्याची खारी हवा यांचं आपसांत पटत नाही. जागेच्या टंचाईत सेटटॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल आधीच भिंतीतून ओढलेली होती, तीच लावली. भाच्याने पहिला सामना खेळला आणि डोळे मिटून म्हणाला, "लोणी. एकदम लोणी." त्याचे मित्र आले, त्यांनीही लोणी असल्याचं सांगितलं. मामाने आजीला खुर्चीत बसवून दाखवलं. आजी बराच वेळ बघून म्हणाली, "पयल्यासारखाच दिसतंय."

तिला हसण्यावारी नेलं गेलं. म्हातारीचे डोळे पन्नासवर वाढलेले.

नारळी पौर्णिमेला पाहुणे आले, त्यांत आठवीतली एक चुलतबहीण होती. तिने खेळायला माउस घेतला आणि काही न बोलता डेस्कटॉपवर उजवं क्लिक केलं, डिस्प्ले सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड.

"दादा, हा साठवरच आहे."

घरात असा सन्नाटा नारळी भाताच्या दिवशी पडू नये. दीड महिना तो मॉनिटर विंडोजने दिलेल्या साठवर, हूं की चूं न करता चालला होता. लोणी म्हणणाऱ्या मित्रांची नावं भाच्याने मनात नोंदवून ठेवली. आजीने विजयाने दुसरा भात वाढून घेतला.

पोरीने यादी उघडली. सगळ्यांत वरचा आकडा १२०.

"एकशेवीसच?" भाचा किंचाळला. "एकशेपासष्टचे पैसे दिलेत!"

मामा मात्र शांत होता. "साठचे एकशेवीस झाले ना? गप घे. मागितलं जास्त, मंजूर एकशेवीस. आपल्याला सवय हाय त्याची."

पण पोरगी आठवीतली होती, तिला तडजोडीची सवय नव्हती. ती माळ्यावर चढली, खोकं खाली ओढलं आणि थर्माकोलच्या खाचेतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, कुणी हातही न लावलेली डिस्प्लेपोर्टची केबल काढली. एचडीएमआयच्या वाटेने १२० च्या पुढे जाताच येत नव्हतं. नवी लावली, यादी पुन्हा उघडली. १६५. माउसचा बाण पडद्यावर असा फिरला, की आजीनेही चमचा खाली ठेवला.

मामा केबलकडे बघत राहिला. "पुलाच्या टायमाला बी," तो हळूच म्हणाला, "अशी एखादी पिशवी माल्यावर रायली असनार."

होड्या कधीच पाण्यात गेल्या होत्या. त्यानंतरच्या एका पहाटे मामा समुद्रावरून आला तेव्हा भाचा अजून जागाच होता, पडद्याचा निळा उजेड तोंडावर घेऊन. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईतच असल्याने आता इंटरनेटवरही फारसं ढकलता येत नव्हतं.

"किती येला मेलास आज?" मामाने बूट काढता काढता विचारलं.

"अकरा."

"आनि साठवर होता तवा?"

"अकराच. पण मामा, आता कोण मारतो ते स्पष्ट दिसतं."