अंधारून येणे

इंग्रजीत ‘डार्कल’ असं एक क्रियापद आहे. अर्थ अंधारून येणे, काळवंडणे. बोलण्यात ते कुणी वापरत नाही, कवितेत भेटतं. त्याची जन्मकथा मात्र कुर्डुवाडीकरांना चटकन पटेल. १८९७ साली बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी सुरू झाली तेव्हापासून शंटिंग आमच्या अंगवळणी पडलंय.

मूळ शब्द ‘डार्कलिंग’. त्यातला ‘लिंग’ हा रीत किंवा दिशा दाखवणारा जुना प्रत्यय. अर्थ साधा, ‘अंधारात’. कित्येक शतकं तो असाच बिनबोभाट चालला होता. पुढे कुणाला तरी त्याच्या शेपटीत नेहमीचा ‘इंग’ दिसला. ‘इंग’ आहे म्हणजे पुढे क्रियापद असणारच! मग तेवढा डबा सोडवला आणि उरलेल्यालाच इंजिन करून टाकलं. ही गोष्ट १८०० च्या आसपासची. बायरननं १८२३ साली ‘डॉन जुआन’च्या सहाव्या सर्गात हे नवं इंजिन रागावलेल्या बेगमेच्या कपाळावरच्या शिरांना जोडलं, कारण त्याला ‘स्पार्कल’शी यमक हवं होतं. कवीला यमक मिळालं की तो शब्दाची जन्मपत्रिका मागत नाही.

हसू नका. आपल्या घरीही हेच झालंय. ‘असित’ म्हणजे काळा. त्यातला ‘अ’ नकाराचा समजून जुन्या पंडितांनी तो काढला आणि ‘सित’ म्हणजे पांढरा झाला! ‘असुर’मधून ‘सुर’ निघाले तेही याच वाटेनं. म्हणजे व्याकरणाच्या गैरसमजातून देव जन्माला आले, आणि आपण त्यांना अजून नारळ फोडतो.

आमच्या कुर्डुवाडीच्या माढा तालुक्यात मात्र अंधारून येणं हा कवितेचा विषय नाही. सह्याद्रीनं ढग आधीच पिळून घेतलेले असतात. जूनमध्ये पश्चिमेला काळंभोर होतं, वारं सुटतं, दोरीवरचे कपडे आत येतात, लाईट जाते. पाऊस तेवढा येत नाही. म्हातारी माणसं वर बघून म्हणतात, “नुसतं आभाळ आलंय.” मागे मूळ नसताना नुसतंच काळवंडणाऱ्या या ढगांना ‘डार्कल’ इतकं चपखल क्रियापद दुसरं नसेल. आमचा खरा पाऊस परतीचा, उत्तरा-हस्तातला. रब्बीची ज्वारी त्याच्याच भरवशावर.

तेव्हा इकडे यायचं असेल तर छत्री सप्टेंबरात आणा. जूनमध्ये बॅटरी पुरे.