एक्क्याण्णवावा दिवस

स्वामी समर्थांच्या प्रकटदिनाआधी अक्कलकोटात एखाद्या लॉजची वायरिंग बदलायची तर परवानाधारक ठेकेदार लागतो; तीच इमारत बाहेरून रंगवायला मात्र बांबूची परांची आणि दोरीला लटकवलेला डबा पुरतो, परवाना लागत नाही. धोरण दूरदृष्टीचेच म्हणायचे. वीज दिसत नाही, पडणारा माणूस साऱ्या गल्लीला दिसतो. मग वेगळी तपासणी कशाला? शासन बेफिकीर आहे, हा आक्षेपही टिकत नाही. डब्यातल्या रंगातील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. रंगाऱ्याला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणावा लागतो, बहुधा रंगकामाच्या बिनपरवाना ठेकेदाराच्याच सहीचा. उणीव एकच: नोंदणीआधीच्या नव्वद दिवसांत पडण्यास मनाई नाही; ती करावी. एक्क्याण्णवाव्या दिवशी हरकत नाही, अर्ज दोन प्रतींत.